अंगठा

कात्री कागदाला लावणार, तेवढ्यात फुईने, म्हणजे आत्याने, माझा हात धरला. "हाई कापू नको. मना बापना अंगठा शे."

आडत्याची जुनी पट्टी होती, कापूस विकल्याची. पिवळी पडलेली, कडा तुटायला आलेल्या. रसीद तिकिटावर जांभळा अंगठा. मला कोलाजसाठी नेमका तोच तुकडा हवा होता. किती देखणा रंग!

फुई शाळेत गेली नाही. पण त्या रेषांवरून ती बोट फिरवत राहिली, मोठ्याने वाचावं तसं.

स्टॅम्प पॅडची ही शाई बहुधा पाण्यात विरघळणारी. पातळ डिंक लागला की पसरते. म्हणून मी लेझर झेरॉक्स काढून आणली. टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसतो, ओल्या डिंकाने पसरत नाही. (इंकजेटची प्रिंट मात्र नको, तीही बहुधा पसरते.) कोलाजात झेरॉक्स लागली, मूळ पट्टी फुईच्या पेटीत गेली.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून जुने कागद जपतंय. आपल्या घरातल्या पट्ट्या, लग्नपत्रिका, सातबारे मात्र दिवाळीच्या साफसफाईत किलोवर जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

तुमच्या घरी कुणाचा अंगठा शिल्लक आहे?