मेन्सातलं चीज आणि मसूर

विद्यापीठाच्या खानावळीला इथे बर्लिनमध्ये मेन्सा म्हणतात. मी हार्डेनबर्गश्ट्रासेवरच्या मेन्सात जेवते. सॉसेजच्या देशात आपली उपासमार होणार, हे मनाशी धरूनच आले होते, कारण मी जन्मापासून शाकाहारी. पण पहिल्याच दिवशी मेनू वाचताना उलटंच झालं. कुठलं घेऊ नि कुठलं नको!

हे आपोआप घडलेलं नाही. 2019 च्या एका पाहणीत बर्लिनच्या 33 टक्के विद्यार्थ्यांनी आपण शाकाहारी आणि 13.5 टक्क्यांनी व्हीगन, म्हणजे दूध-अंडंही न खाणारे, असल्याचं सांगितलं होतं. हवामानाचा विचार करून जेवण द्या, ही मागणी तेच लावून धरत होते. मग ऑक्टोबर 2021 मध्ये शहरातल्या 34 मेन्सा आणि कॅफेंचा मेनू बदलला. 68 टक्के पदार्थ व्हीगन, 28 टक्के शाकाहारी, थोडे मासे आणि मांसाचा एकच पदार्थ, तोही आठवड्यातले चार दिवस.

याच देशात 2013 च्या निवडणुकीआधी ग्रीन पक्षाने कँटीनमध्ये आठवड्यातून एक दिवस बिनमांसाचा ठेवावा असं सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता! आमच्या ताटात तुम्ही कोण डोकावणार, असा सूर. मेन्साची गोष्ट वेगळी, कारण इथे खाणाऱ्यांनीच मागितलं. शिवाय उपदेशापेक्षा काउंटरवर काय मांडलंय त्याचा परिणाम जास्त होतो, असं मला ठाम वाटतं. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या कॉलेजांत 94,000 हून जास्त जेवणांचा हिशेब मांडून 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चारातला एक पदार्थ शाकाहारी असायचा, त्याऐवजी दोन ठेवले, तर शाकाहारी जेवणांची विक्री 41 ते 79 टक्क्यांनी वाढली. आणि सर्वांत जास्त फरक पडला तो एरवी हटकून मांस घेणाऱ्यांत.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग आपण शाकाहारी मंडळी सुटलो. मलाही तसंच वाटायचं. माझा आवडता पदार्थ होता केसेश्पेट्झले, म्हणजे अंड्याच्या पिठाचे मऊ तुकडे आणि त्यावर वितळलेलं भरपूर चीज. (अंडं चालतं मला.) मेन्साच्या मेनूवर पदार्थापुढे कार्बनची खूण असते, म्हणजे तो बनण्यात हवा तापवणारे वायू किती सुटतात याची. त्या खुणेवरून विषय निघाला आणि मी आकडे शोधून काढले. 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची माहिती गोळा करून 2018 मध्ये झालेला अभ्यास आहे. त्यानुसार एक किलो चीजमागे हवा तापवणारे इतके वायू सुटतात, की ते सरासरी वीसेक किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे ठरतात. कोंबडीच्या मांसाला साधारण दहा. वाटाण्याला जेमतेम एक! खास मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसाचा आकडा शंभराच्या आसपास आहे, तो वेगळाच. पण चीजही गाईचंच. गाय रवंथ करणारी, चारा पचताना तिच्या पोटात मिथेन हा हवा तापवणारा वायू तयार होतो, आणि एक किलो चीजला सुमारे दहा लिटर दूध लागतं.

त्या दिवशी मी गप्पच झाले. इतकी वर्षं ज्याला निर्धास्त मानलं, ते ताट माझ्या शेजारी कोंबडी खाणाऱ्या मुलाच्या ताटापेक्षा हवामानाला जड असू शकतं.

हा शेजारी माझ्याच वर्गातला, गुरं पाळणाऱ्या घरातला. तो मांस आठवड्यातून एकदाच घेतो, पण व्हीगन काउंटरवर गेला की आधी वास घेतो. ‘मसूर कच्चा राहिला की मी परत सॉसेजकडे जातो,’ असं त्याने सरळ सांगितलं. मला ते पटलं. विद्यार्थ्याकडे वेळ कमी, पैसे कमी, आणि भूक प्रचंड. पृथ्वी वाचवा म्हटलेलं त्याला पटतं, पण एक वाजता त्याला चवीचं, पोटभर आणि परवडणारं काहीतरी हवं असतं.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून स्वयंपाकघराला चिठ्ठी लिहिली. मसूर आधी भिजवा, कांदा चांगला लाल होऊ द्या, लिंबाच्या फोडी बाहेर ठेवा. लिंबू आलं. कांदा अजून पांढराच असतो, तेव्हा आज दुसरी चिठ्ठी टाकून आलो.