श्वास मोजायला शिकवताना

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीत दाखवून दिलं की फारसं न शिकलेली गावातली बाईही बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखू शकते. अंक येत नसतील तर मणी सरकवायचे: दहा श्वासांना एक मणी. शिक्षण कमी हा अडथळा नाहीच, घाईने उरकलेलं प्रशिक्षण हा आहे.

आशाताईंना शिकवताना सगळ्यात जास्त वेळ श्वास मोजण्यालाच द्यावा. बाळ शांत हवं. रडत किंवा दूध पीत असेल तर थांबायचं. झबलं वर करून पोटाकडे बघायचं. पोट वर गेलं की एक. खाली येतानाही मोजलं की आकडा दुप्पट होतो, आणि ही चूक हमखास होते. मोजायचं पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं तान्ह्या बाळात चालत नाही, कारण त्याचा श्वास मध्येच थबकतो, मग भरभर चालतो.

दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचं. तेवढेच आले तर लगेच दवाखान्यात. भरभर श्वासाची ही मर्यादा २ ते १२ महिन्यांना ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०.

सराव बाहुलीवर नको, अंगणवाडीतल्या खऱ्या बाळांवर करा. प्रशिक्षकाने त्याच मिनिटात मनात मोजायचं आणि आकडा नंतर सांगायचा.