घरचं चिकन चाटण: फ्रीजरनंतर सुटणारं पाणी अखेर आवरलं

मागच्या नोंदीतलं, मांजरांना खाऊ म्हणून द्यायचं चिकनचं चाटण ताजं असेपर्यंत उत्तम आणि फ्रीजरमधून काढलं की फुटलेलं, इथे गाडी अडली होती. चक्का टांगल्यावर गळावं तसं पिवळट पाणी वेगळं होतं, वाटीच्या तळाशी भरड लगदा बसतो, आणि मांजर वरचं पाणी चाटून निघून जातं. या खेपेच्या घाण्यात हे आवरलं. ग्वार गमचं (गवारीच्या बियांच्या, दाटपणा आणणाऱ्या पुडीचं) प्रमाण तेवढंच ठेवलं. बदलली ती फक्त तो घालायची वेळ. अडचण फार चिवट होती, म्हणून बराचसा मजकूर तिच्यावरच आहे.

जुनी कृती सगळ्यांना माहीत आहेच: बिनहाडाचं ब्रेस्ट १०० ग्रॅम, पाणी २०० मिली, साबुदाण्याचं पीठ ८ ग्रॅम, ग्वार गम १ ग्रॅम. सगळं एकत्र शिजवायचं, वाटायचं, गाळायचं, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. यातल्या प्रत्येक घटकाला पाणी सोडायचं स्वतःचं कारण आहे आणि एकावर इलाज केला तर दुसरा डोकं वर काढतो.

पहिलं कारण चिकनच. खळखळ उकळलं की तंतू आवळतात, आतलं पाणी बाहेर फेकतात आणि इतके टणक होतात की मिक्सर कितीही फिरवला तरी त्यांची रवाळ कणी राहतेच. ती कणी पाणी परत धरत नाही. दुसरं कारण स्टार्च. शिजलेला स्टार्च थंड झाला की त्यातलं अमायलोज, म्हणजे स्टार्चचे लांब सरळ रेणू, पुन्हा एकमेकांना चिकटतं आणि मधलं पाणी पिळून काढतं. गोठवून वितळवलं की हे आणखी वाढतं. कॉर्नफ्लोअर यात फार वाईट. साबुदाणा म्हणजे टॅपिओका, त्यात अमायलोज कमी, म्हणून तो बराच सोसतो, पण पूर्ण सोसत नाही. तिसरं कारण घरचा फ्रीजर. तो हळू गोठवतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि जी काही जाळी तयार झालेली असते ती फाडतात. ग्वार गमकडून आपली अपेक्षा होती की तो हे सगळं पाणी धरून ठेवेल. पण स्टार्चबरोबर एकाच भांड्यात घातला की पाण्यासाठी दोघांची ओढाताण होते, ग्वार पुरता फुलत नाही आणि त्याच्या पारदर्शक गुठळ्या चाळणीत अडकून वाया जातात.

ग्वारचा मोठा गुण असा की त्याला शिजवावं लागत नाही, थंड पाण्यातही तो फुलतो. मग त्याला फ्रीजरमध्ये पाठवायचंच कशाला? चिकन आणि स्टार्चचा लगदा तसाच गोठवायचा, वितळताना त्याला हवं तेवढं पाणी सोडू द्यायचं, आणि मग ग्वार घालून ते सुटलेलं पाणी दाट करून टाकायचं. फुटणं होतंच, पण वाटीत दिसत नाही आणि जिभेलाही लागत नाही. घाणा वितळवून, ग्वार मिसळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला. वाटी तिरकी केली तरी कडेला पाण्याची रेघ आली नाही. चोखंदळ मांजरीनं वाटी स्वच्छ केली, तळाच्या लगद्यासकट. तिच्याकडून हा निकाल मिळणं मोठी गोष्ट आहे.

यात एक व्यावहारिक खोच निघाली. ४५ ग्रॅम लगद्याला ग्वार लागतो साधारण ०.१५ ग्रॅम, आणि स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमच्या खाली काही सांगत नाही. चिमटीचा अंदाज तर अजिबात नको: जरा जास्त पडला की चाटणाला तार सुटते, ते हनुवटीला लोंबतं, आणि पोटात ग्वार जास्त गेला की शी पातळ होते. आधी दागिन्यांचा बारीक काटा घ्यायचा विचार होता, पण हे लिहिता लिहिताच त्याहून सोपी वाट सुचली: ग्वारचं पाणी आधीच करून ठेवायचं. १ ग्रॅम ग्वार, १०० मिली पाणी. दोन भाग वितळलेला लगदा, एक भाग हे ग्वारचं पाणी. तयार चाटणात ग्वार आपोआप ०.३३ टक्के बसतो. चमच्यानं मोजलं तरी चालतं.

म्हणजे लगद्यातलं पाणी तेवढं कमी करायला हवं. नवं प्रमाण असं: ब्रेस्ट १०० ग्रॅम, पाणी ११० मिली, साबुदाण्याचं पीठ ६ ग्रॅम. याचा साधारण २०० ग्रॅम लगदा होतो, त्यात १०० ग्रॅम ग्वारचं पाणी मिळून ३०० ग्रॅम चाटण. १४ ग्रॅमला ६ किलोकॅलरीच्या आसपास, आणि पाणी ८९ टक्के. चुरू या विकतच्या मांजर-चाटणाची १४ ग्रॅमची नळीही साधारण ६ किलोकॅलरीचीच असते आणि तिच्यात पाणी ९१ टक्क्यांच्या घरात, तेव्हा आपण योग्य गल्लीत आहोत. ४ किलोच्या घरकोंबड्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. खाऊ त्याच्या १० टक्क्यांत बसवायचा, म्हणजे हे चाटण दिवसाला ४० ग्रॅमपर्यंत. त्यापुढे नको. यात टॉरिन (मांजरांना अन्नातून मिळावंच लागणारं आम्ल) आणि जीवनसत्त्वं मोजून घातलेली नाहीत, त्यामुळे हे जेवण होऊ शकत नाही.

आता शिजवणं. ब्रेस्टचे दोन सेंटीमीटरचे तुकडे गार पाण्यात घालून मंद आचेवर ठेवा. सर्वात जाड तुकड्याच्या मधोमध थर्मामीटरनं ७५ अंश दाखवले की लगेच उतरवा. ७४ ला ते खाण्यास सुरक्षित होतं आणि उकळीपर्यंत न गेल्यामुळे तंतू मऊ राहतात. पाण्याला बुडबुडे येऊ देऊ नका, एवढ्या एका गोष्टीनं कणी निम्म्याहून कमी होते. थर्मामीटरची सुई केकच्या सामानाच्या दुकानात मिळते आणि या छंदात पहिला खर्च तिच्यावरच व्हावा. मिक्सर नंतर.

साबुदाणा इंदूरमध्ये कुठल्याही किराण्यात मिळतो, खिचडीची कृपा. सियागंजच्या ठोक बाजारातून किलोनं आणला तर स्वस्त पडतो. बारीक दाणा घ्या, कोरड्या भांड्यात पीठ करा आणि मैद्याच्या चाळणीतून काढा. दाणे बनवतानाच तो अर्धवट शिजलेला असतो, म्हणून हे पीठ गार पाण्यातही फुगतं आणि एकदम ओतलं की गोळे होतात. ११० मिलीतलं थोडं पाणी आधीच बाजूला ठेवा, त्यात पीठ भिजवा, दहा मिनिटांनी ढवळून चिकनच्या गाळलेल्या पाण्यात घाला आणि ते पाणी, फक्त पाणीच, पारदर्शक होईपर्यंत उकळा. मग चिकन आणि हे पाणी चटणीच्या भांड्यात एकत्र वाटायचं. भांडं निम्मंच भरा आणि मिश्रण कोमट झाल्याशिवाय झाकण लावू नका. वाफेनं झाकण उडतं. वाटलेलं सगळं मैद्याच्या चाळणीतून चमच्यानं दाबून काढायचं. चहाची गाळणी जाड पडते. चाळणीत उरलेले तंतू जेवणाच्या वाटीत घालून टाका.

ग्वारबद्दल एक इशारा. तो कापडछपाईत आणि तेलविहिरींच्या कामातही वापरतात आणि त्या दर्जाची पूड सुटी स्वस्तात मिळते. ती घेऊ नका. खाण्याच्या दर्जाची, बंद पाकिटातली, मैद्याइतकी बारीक पूडच घ्या. जाड पुडीला कच्च्या शेंगेचा वास राहतो आणि मांजर हुंगूनच मागे सरतं. पूड पाण्यात टाकू नका; आधी पाव चमचा तेलात किंवा चिकनच्या वितळलेल्या चरबीत कालवा, मग मिक्सर चालू असताना गरम पाण्यात सोडा. गुठळी होत नाही. हे पाणी फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा, त्यापुढे फेकून द्या.

दाटपणा ठरवायला चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढा: रेघ राहिली पाहिजे आणि चमचा उभा केला की चाटण सावकाश ओघळलं पाहिजे. पाणी पिताना मांजर जिभेचं टोक फक्त पृष्ठभागाला टेकवतं आणि पाण्याचा खांब वर खेचून तोंड मिटतं, हे २०१० मध्ये वेगवान कॅमेऱ्यानं दिसलं. दाट चाटणाला ही रीत चालत नाही, ते जिभेवरच्या काट्यांनी खरवडावं लागतं. त्या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात, हे २०१८ च्या अभ्यासातून कळलं. फार पातळ केलं तर थेंब उडतात, फार घट्ट केलं तर म्हातारी, दात दुखणारी मांजरं वाटी ढकलत नेतात आणि कंटाळतात.

साठवण. लगदा बर्फाच्या ट्रेमध्ये, १५ ग्रॅमचा एक खण, गोठला की पिशवीत बांधून महिनाभर. छोटा खण लवकर गोठतो, स्फटिक लहान राहतात. वितळवणं फ्रीजमध्येच. ग्वार मिसळून वाटी कोमट पाण्यात ठेवा. अंगाच्या उष्णतेइतकं, ३७ अंशांच्या आसपास झालं की वास मोकळा होतो. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी यासाठी तसंच पुरतं. मायक्रोवेव्ह नको, मधेच चटका बसेल असे गरम कप्पे राहतात. मांडलेली वाटी ३२ अंशांवरच्या हवेत एका तासाच्या आत उचललीच पाहिजे. उन्हाळ्यात अर्ध्या तासात उचलणं बरं. टिकावं म्हणून सोडियम बेंझोएटची चिमूट घालायचा विचारही करू नका, बेंझोइक आम्ल मांजरांना माणसांपेक्षा फार कमी मात्रेत बाधतं. कुकरमध्ये शिजवून बाटलीत भरून बाहेर ठेवणंही नाही. कारखान्यातली नळी आधी सील करून मग दाबाखाली निर्जंतुक करतात, म्हणून ती फडताळात टिकते. आपण कुकर उघडला की तो फायदा तिथेच संपतो.

विकतच्या नळ्या घरात असाव्यातच, प्रवासाला आणि औषधाला. चुरू १४ ग्रॅम, मी-ओ १५, शीबा मेल्टी १२. भाव तुलना करताना नळीचा नको, ग्रॅमचा काढा. घटकांत पाण्यानंतर लगेच मांस किंवा मासा हवा. साखर दिसली तर ती मांजरासाठी नाही: गोड चव ओळखणारं त्यांचं जनुक निकामी आहे, हे २००५ मध्येच सिद्ध झालंय. कांदा किंवा लसूण पूड दिसली तर पाकीट परत; दोन्हींनी तांबड्या पेशी फुटतात. घरच्या घाण्यात बाजारचा चिकन स्टॉक न घालण्याचं कारणही तेच. नळीचं टोक कात्रीनं पूर्ण कापा आणि तुकडा लगेच उचला, मांजरं तो गिळतात. चावरं मांजर असेल तर चमच्यावर पिळून द्या. रिकामी नळी धुऊन कचरागाडीच्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात.

गोळीसाठी: आधी साधं चाटण, मग गोळी दडवलेला घोट, मग लगेच पुन्हा साधं. तिन्ही एकामागून एक, मधे विचार करायला वेळ नको. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळीनंतर हा शेवटचा घास सोडायचाच नाही, वर ५-६ मिली पाणीही द्या; ती गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होऊन नलिका आक्रसते. त्या औषधाबरोबर दूध-दह्याचं चाटण नको, कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. चाटण सिरिंजनं भरवायचं असेल तर ती दवा बाजारातून रुंद तोंडाची ५० मिलीची आणा. १० मिलीच्या साध्या सिरिंजचं तोंड नीट गाळलेल्या चाटणानंही तुंबतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फॉस्फरसचा हिशेब डॉक्टरकडून करून घेतल्याशिवाय घरचं चिकन सुरू करू नका.

पुढचा घाणा माशाचा करायचा ठरला होता. २०२३ मध्ये मांजरांच्या उमामी ग्राहीवरचं, म्हणजे जिभेवर मांसाची चव ओळखणाऱ्या रचनेवरचं, काम छापून आलं: हिस्टिडिन आणि इनोसिन मोनोफॉस्फेट या मांसा-माशातल्या घटकांच्या जोडीला ती फार ओढली जातात आणि ट्यूनात दोन्ही भरपूर. त्यावरून बांगडा मनात होता. पण हिस्टिडिनवाला मासा उष्णतेत पडून राहिला की त्याचंच हिस्टामिन होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि बांगडा इथे पोचतो तो समुद्रापासून लांबचा प्रवास करून. तेव्हा बांगडा थंडीपर्यंत पुढे ढकलला. आता रोहू: ७० अंशांपर्यंत वाफवून काटे हातानं काढायचे, मग ७५ ला नेऊन वाटायचं आणि दोनदा चाळायचं, कारण त्याचे बारीक काटे एका चाळणीत संपत नाहीत. निम्मं चिकन, निम्मा रोहू, साबुदाणा ६ वरून ४ ग्रॅमवर. माशाचे तंतू आखूड असतात, त्यांना आधार कमी लागावा. कुणी रोहूचा लगदा गोठवून पाहिला असेल तर वितळल्यावर किती पाणी सुटलं तो आकडा ग्रॅममध्ये कळवा, ग्वारच्या पाण्याचा भाग त्यावरून ठरवता येईल.