गाडी पिवळी का केलीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी हल्ली "आवडला म्हणून" एवढंच म्हणून सुटका करून घेतो. मंडळाच्या पिकनिकला गाडी नेली की पहिला प्रश्न हाच असतो, अहो एवढी सुंदर एमजी, एवढे पैसे आणि एवढी वर्षं घातलीत, मग लाल नाही, हिरवी नाही, ही अशी पिवळी का? बायको तर पहिल्या दिवसापासून या रंगाला पिठलंच म्हणते. आणि खोटं कशाला बोलू, ढगाळ दिवशी नॉटिंगहॅमच्या रस्त्यावर ती पिठल्यासारखीच दिसते.

तर गाडी आहे एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी छताची, दोन सीटची स्पोर्ट्स कार, १९७२ची, क्रोम बंपरवाली. (१९७४च्या शेवटापासून अमेरिकेच्या नियमांपायी यांना काळे रबरी बंपर आले, ते ज्यांना आवडतात त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण मैत्रीही नाही.) मी घेतली तेव्हा ती लाल होती. लाल म्हणजे बॉनेट ऊन खाऊन गुलाबी झालेलं, दारं लाल, आणि दाराखालचा पत्रा, इथे ज्याला सिल म्हणतात, तो गंजून फुग्याफुग्याचा. कागदावरही लालच. माझ्या डोक्यात मात्र रंग आधीच ठरलेला होता, ब्रिटिश रेसिंग ग्रीन, आणि आत बिस्किटी सीट. इंग्लंडमध्ये राहून जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार घेतलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात हाच रंग असतो, त्यात माझं स्वतःचं असं काही नव्हतं.

गंमत म्हणजे त्या नावाचा एकच एक असा रंग नाहीये. त्याची गोष्ट १९०३च्या गॉर्डन बेनेट कप या मोटर रेसपर्यंत जाते. १९०२ला सेल्विन एज नेपियर ही इंग्लिश गाडी घेऊन जिंकला म्हणून पुढच्या वर्षी यजमानपद ब्रिटनकडे आलं, पण ब्रिटनमध्ये रस्त्यावर रेस करायला बंदी, म्हणून रेस नेली आयर्लंडमध्ये आणि इंग्लिश गाड्या आयर्लंडच्या मानाखातर हिरव्या रंगवल्या. तेव्हापासून फिकट ते जवळजवळ काळ्यापर्यंत कुठलाही हिरवा याच नावाखाली चालतो, पेंटच्या दुकानात नुसतं नाव सांगितलं की तो विचारतो, कुठल्या कंपनीचा, कुठल्या वर्षाचा? आणि लालचं म्हणाल तर, लाल म्हणजेच स्पोर्ट्स कार असं सांगणाऱ्यांना मी १९६४ची आठवण करून देतो. त्या वर्षी इटालियन मोटर क्लबशी भांडण झाल्यामुळे एरवी लाल असणाऱ्या फेरारीच्या गाड्या फॉर्म्युला वनच्या शेवटच्या दोन रेसमध्ये पांढऱ्या-निळ्या धावल्या आणि जॉन सर्टीस त्यातच जगज्जेता झाला. रंगाने त्याचं काही अडलं नाही.

पण माझा हिरवा बारगळला तो इतिहासामुळे नाही, डॅशबोर्डमुळे. वायरिंग काढायला डॅशबोर्ड खोलला तर मागे लालचा पत्ताच नाही, पिवळा. दाराचं आतलं पॅड काढलं, पिवळा. कार्पेट उचललं, तिथेही पिवळा. आधीच्या कुणीतरी बाहेरून दिसेल तेवढंच लाल मारलेलं, आपल्याकडे भाड्याचं घर सोडताना कपाट न हलवता भिंतीला चुना मारतात तसं. मग गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून गाडीचं हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं. कारखान्याच्या नोंदवहीतून तुमची गाडी कधी बनली, कुठल्या डीलरकडे गेली, रंग कुठला, सीट कुठले, हे ते शोधून देतात. त्यावर लिहिलेलं, हार्वेस्ट गोल्ड, सीट नेव्ही.

नाव ऐकून सोनेरी, चमचमतं काहीतरी वाटेल तर तसं अजिबात नाही, सपाट मोहरीचा रंग आहे तो. ब्रिटिश लेलँडच्या, म्हणजे तेव्हा एमजी बनवणाऱ्या कंपनीच्या, त्या दिवसांतले रंग असेच होते, ब्लेझ म्हणून भडक केशरी, लाइमफ्लॉवर म्हणून पोपटीकडे झुकणारा हिरवा, ॲकोनाइट म्हणून चक्क जांभळा. आज ज्यांना आपण क्लासिक गाड्या म्हणतो त्या नव्या होत्या तेव्हा त्यांचे मालक पंचविशीतले होते आणि त्यांना म्हाताऱ्यांचा हिरवा नकोच होता. हे मला त्या सर्टिफिकेटमुळे पहिल्यांदा जाणवलं. आता शोमध्ये गेलात तर रांगेने लाल आणि हिरव्या एमजी उभ्या असतात, जांभळी शोधून सापडत नाही, कारण सगळ्या जांभळ्या मधल्या काळात कुणीतरी लाल केल्या.

तरी लगेच पिवळा ठरवला नाही हं, दोन महिने घोळ घातला. शेवटी ठरलं ते पत्र्याच्या हिशोबानेच. रंग बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर काढून इंजिन बे, डिकीचं आत, दारांच्या चौकटी सगळं नव्या रंगात करायचं, नाहीतर बॉनेट उघडलं की चोरी पकडली जाते. शिवाय गडद हिरवा किंवा काळा रंग पत्र्यातली प्रत्येक लाट दाखवतो, आणि पुट्टी लावून वॉटर पेपर मारण्याचं निम्मं काम मी स्वतः शनिवार-रविवारी केलेलं, त्यामुळे माझ्या मडगार्डात किती लाटा आहेत ते मला माहीत होतं. फिकट सपाट रंग पदरात घेतो. मेटॅलिक तर डोक्यातून काढूनच टाका, उद्या एक पॅनल ठोकलं गेलं तर त्यातले दाणे बाजूच्या पॅनलशी जुळवताना पेंटर रडतो.

आता शेड जुळवणं. दुकानात रंगाचा कोड दिला की मशीन रंग बनवून देतं, पण तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून ग्लव्ह बॉक्सच्या मागची एक पट्टी काढून, जिथे पन्नास वर्षं ऊन पोचलंच नव्हतं, ती पिशवीत घालून मी दुकानात घेऊन गेलो, आई साडी घेऊन मॅचिंग सेंटरला जायची अगदी तसा. आणि तिच्यासारखाच दुकानाबाहेर उजेडात जाऊन बघत होतो, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला पिवळा उन्हात वेगळाच निघतो. हातभर पत्र्यावर फवारून, सकाळी, दुपारी, पावसात, गॅरेजच्या दारात ठेवून बघा, कार्डावरच्या टिकलीएवढ्या नमुन्यावरून गाडीचा रंग ठरवू नका.

तरी एक घोटाळा झालाच. पहिलं दार पेंटरने ग्रे प्रायमरवर मारलं आणि ते हिरवट दिसायला लागलं, आजारी माणसासारखं. पिवळ्या रंगाची झाकायची ताकद मुळात कमी, खालचा ग्रे वर डोकावतो, मग कोट वर कोट मारत बसा. पुढची सगळी पॅनल्स पांढऱ्या प्रायमरवर केली आणि ते दार घासून पुन्हा केलं, त्याचे पैसे आम्ही निम्मे निम्मे वाटून घेतले, ते कसे ठरले हा वेगळा लेख होईल. हो, आणि रंग सगळा एकदमच घ्या, सगळे डबे एका बादलीत ओतून ढवळा, दोन डब्यांतला फरक तुम्हाला डब्यात दिसत नाही, बॉनेट आणि मडगार्ड शेजारी आले की दिसतो. घरी फवारायच्या भानगडीत मात्र पडू नका, या टू-पॅक पेंटमध्ये, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगात, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा मास्क कामाचा नाही. मी पेंटरच्या बंद स्प्रे बूथमध्येच करून घेतलं.

गाडी तयार झाल्यावर व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली, छत काळ्या कापडाचं आणि खाली पिवळी, ती म्हणाली, अरे ही तर मुंबईची टॅक्सी, उलटी! मी एवढे दिवस त्या रंगासोबत होतो आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, आता ते डोक्यातून जात नाही.

ती ग्लव्ह बॉक्समागची पट्टी मी परत बसवली, न रंगवता. कुणी म्हणालं की हा कसला ओरिजिनल रंग, तर टॉर्च देऊन आत वाकायला लावतो. गेल्या पिकनिकला एक काकू वाकल्या, बराच वेळ आत-बाहेर बघत राहिल्या, आणि टॉर्च परत देताना म्हणाल्या, "ब्लाउजपीस असतं तर मी परत केलं असतं हो. आतला जरा तांबूस आहे."

आहेच. मला पहिल्या दिवसापासून माहितीये.