मॅच जामठ्याला अन् भूक बुटीबोरीला

मॅच पाहायला नागपूरला आले की इथे खा, तिथे खा असं जे रीलवाले सांगतात ना, ते सगळं विमानाने नाहीतर रेल्वेने येणाऱ्या लोकांसाठी असते भाऊ. आम्ही येतो हिंगणघाटकडून, बाईकवर नाहीतर कोणाच्या तरी बोलेरोत आठ-नऊ जण कोंबून, अन् आम्हाला स्टेडियम आधी लागते, नागपूर नंतर. जामठा वर्धा रोडवर, शहराच्या पंधरा-सोळा किलोमीटर अलीकडेच. म्हणजे सीताबर्डी, सदर, धरमपेठ, जिथे जिथे म्हणून चांगलं खायला मिळते ते सगळं आमच्यासाठी मॅचच्या पलीकडे. रात्री साडेदहाला मॅच सुटल्यावर उलटं शहरात जा, लायनीत उभं राहा, खा, अन् मग परत सत्तर-ऐंशी किलोमीटर गावाकडे. कोण करते एवढं. सकाळी सोयाबीन काढायचं असते, नाहीतर कापसाच्या वेच्याला बाया सांगितलेल्या असतात.

तर हे लिहून राहिलो ते आमच्यासारख्यांसाठी. समुद्रपूर, हिंगणघाट, वरोऱ्याकडून येणाऱ्यांसाठी.

पहिली गोष्ट, घरून उपाशी निघू नका. मला हे कळायला बरेच वर्षं लागले. 2008 मध्ये जामठ्याचं स्टेडियम सुरू झालं, पहिली टेस्ट ऑस्ट्रेलियासोबत, तीच गांगुलीची शेवटची, तेव्हापासून आमचं जाणं-येणं चालू आहे, अन् तरी दर वेळेला कोणीतरी म्हणतेच की "अबे तिथे मिळून जाईन ना काही." काय मिळते? मॅचच्या दिवशी रोडच्या कडेला हातगाड्या लागतात, भेळ असते, मक्याचे कणीस असते, गालावर झेंडा काढून देणारे पोट्टे असतात, पण ते म्हणजे जेवण नाही. स्टेडियमच्या भोवती शहर असावं लागते तर खाण्याची मजा. इथे हायवे, शेतं अन् प्लॉटचे बोर्ड. पंचेचाळीस हजार माणूस एका दिवसासाठी येते अन् निघून जाते, त्यांच्या भरवशावर कोण बारा महिने भट्टी पेटवून बसणार.

म्हणून आमचा पहिला थांबा जाम चौरस्ता. चंद्रपूरचा रोड जिथे फुटतो तिथे. ट्रकवाले थांबतात, एसट्या थांबतात, म्हणून कढई कधी थंड होत नाही. चहा अन् भजे, बस. इथे पोट भरायचं नाही, ही माझी पक्की शिस्त आहे, कारण पुढे बुटीबोरी आहे.

बुटीबोरीचं नाव कोणत्याच फूड यादीत नसते, मला त्याचं लय वाईट वाटते. अरे एवढी मोठी एमआयडीसी आहे, तीन-तीन शिफ्टा सुटतात, रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी काय सँडविच खाईन का? त्याला गरम पाहिजे, तिखट पाहिजे अन् पैशात बसलं पाहिजे. म्हणून तिथल्या ठेल्यांवर माल पडून राहतच नाही. आम्ही ज्या ठेल्यावर थांबतो त्याला नाव नाही, पाटी नाही, एक मोठं पातेलं तर्रीचं अन् बाजूला आलूबोंड्याची परात. तो काय करते, आलूबोंडा प्लेटमध्ये ठेवते अन् चमच्याने मधून फक्त दाबते, पूर्ण चुरत नाही. मग वरून चन्याची तर्री, पहिले पळी पातेल्याच्या तळाशी नेऊन चणे उचलते अन् मग दुसरी पळी वरच्या वर, नुसता लाल तवंग. वर कच्चा कांदा, शेव, सांबार. (पुण्याच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं नाही. ह्याच्यावरून होस्टेलमध्ये माझी एकदा लय गंमत झाली होती, ते नंतर कधी.) पहिल्या घासाला काही वाटत नाही, तिसऱ्या घासाला कानामागे घाम येते. दोन प्लेटा खाल्ल्या की संध्याकाळपर्यंत चिंता नाही, पाणी मात्र दाबून प्या, आत बाटली नेऊ देत नाहीत.

बाटलीच काय, डबाही नेऊ देत नाहीत. हे मला 2013 ला माहीत नव्हतं, म्हणजे तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, वाचलं कोणी. 30 ऑक्टोबरची ऑस्ट्रेलियाची मॅच, दिवाळी तीन-चार दिवसांवर आलेली, आईने पहिला घाणा काढला होता अन् आमच्यासोबत स्टीलचा डबा भरून दिला, चकल्या, करंज्या, शंकरपाळे. गेटवर हवालदार म्हणे डबा बाहेर. आता स्टीलचा डबा कुठे ठेवता, अन् आईचा डबा हरवला तर घरी जायची सोय नाही. शेवटी आम्ही चौघं तिथेच गेटच्या बाजूला उभ्या उभ्या खायला लागलो, मागून गर्दी ढकलून राहिली, आत कोणाच्या तरी फोरवर आवाज होऊन राहिला, अन् आम्ही चकल्या मोडून राहिलो. हवालदारालाही दिल्या. पहिले म्हणे ड्युटीवर आहो, नको. मग दोन करंज्या कागदात बांधून खिशात ठेवल्या. त्यानेच तो रिकामा डबा समोरच्या एका गाडीवाल्याकडे ठेवून द्यायला सांगितलं, रात्री मिळालासुद्धा. मॅच तर विचारूच नका, 351 पाहिजे होते अन् तीन बॉल राखून काढले, धवनचे 100, कोहलीचे 66 बॉलमध्ये नाबाद 115. पण पोट एवढं फुगलं होतं की पहिल्या तासाला मला उठून नाचताही येईना.

खर्रावाल्यांचं (खर्रा म्हणजे आमच्याकडचं घोटलेलं सुपारी-तंबाखू) गेटवर काय होते ते वेगळंच दुःख आहे. आमचा एक मित्र दर वेळेस मोज्यात लपवतो अन् दर वेळेस पकडला जातो.

आता पिण्याचं. हे जरा नाजूक आहे. आमचा वर्धा जिल्हा गांधीजींचा, पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी. (मिळत नाही असं मी म्हणून नाही राहिलो. बंदी आहे एवढंच म्हणून राहिलो.) त्यामुळे नागपूर जिल्ह्याची हद्द लागली की गाडीतल्या काही जणांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडते, अन् बुटीबोरीच्या आसपास बारचे बोर्ड दिसले की "पाच मिनिट थांब ना बे" सुरू. ते पाच मिनिट नसतात. एका मॅचला ह्या पाच मिनिटांपायी आमचे सुरुवातीचे बारा ओव्हर गेले, तेव्हापासून गाडीची चाबी माझ्याजवळ असते अन् मी फक्त रसवंतीवर थांबवतो. उसाचा रस, आलं-लिंबू मारून, बर्फ कमी. ज्याला दुसरं काही पाहिजे त्याने एसटीने यावं.

मॅचवरून परत येतानाचं जेवण म्हणजे सावजी, नाहीतर ढाबा. सावजी नागपूरच्या हलबा-कोष्टी लोकांचं जेवण, विणकरांचं, अन् आता वर्धा रोडवर जिथे तिथे 'सावजी भोजनालय' लिहिलेलं दिसते. सगळे खरे नसतात. माझी परीक्षा सोपी आहे: रस्सा काळपट पाहिजे, लालभडक असला तर तो रंग आहे, मसाला नाही. खसखस, सुंठ, दगडफूल भाजून वाटलेलं असलं की रस्सा आपोआप तसा काळा दिसते, अन् तेल वर येऊन कडेला थांबते. मटण नसन खायचं तर पाटोडी रस्सा सांगा, बेसनाच्या वड्या त्याच रश्श्यात. माझ्या मते तर मटणापेक्षा पाटोडीतच मसाला जास्त कळते, पण हे गाडीत बोललो की सगळे माझ्यावर धावतात.

पण जेवणाची चव मॅचवर असते हेही तितकंच खरं आहे. 2011 चा वर्ल्डकप, 12 मार्च, साऊथ आफ्रिका. सचिनचे 111, एक वेळ आपला स्कोअर एकावर 267 होता. मग 29 रनात नऊ विकेट. तरी वाटलं होतं निघून जाईन. शेवटच्या ओव्हरला त्यांना 13 पाहिजे, नेहरा बॉलिंगला, पीटरसनने चार बॉलमध्ये संपवलं. त्या रात्री आम्ही ढाब्यावर बसलो होतो, खाटांवर सगळे निळ्या जर्सीतले, अन् कोणी कोणाशी बोलेना. ढाब्यावर एवढी शांतता मी तेरवीलाही नाही पाहिली. भाजी काय होती ते आजही आठवत नाही. वेटर पोट्टा सारखा येऊन विचारे, "रोटी आणू का?" अन् आम्ही नुसती मान हलवत होतो, हो की नाही ते त्यालाही कळेना.

रणजीचं मात्र एकदम घरच्यासारखं असते. ना तिकिटाची मारामारी ना गर्दी. मागच्या वर्षीची, म्हणजे 2025 ची फायनल आपल्या जामठ्यालाच होती, आपल्या विदर्भाची केरळसोबत, अन् पहिला दिवस नेमका महाशिवरात्रीचा. आमच्यात चारातले तीन उपवासाचे. बुटीबोरीच्या ठेल्यासमोरून गाडी न थांबवता नेली, तो ठेलेवाला पाहतच राहिला. सोबत साबुदाण्याची उसळ होती, फल्लीचा कूट भरपूर घातलेली, उकडलेले रताळे अन् केळं. डबा आता गाडीच्या डिक्कीतच ठेवतो, शहाणा झालो. सकाळी सकाळी 24 वर तीन गेले, आम्ही म्हटलं झालं, शंकराने पण पाठ फिरवली. मग मालेवार अन् करुण नायर उभे राहिले ते उभेच, 215 ची पार्टनरशिप केली. लंचला बाहेर येऊन झाडाखाली उसळ खाल्ली, थंडी झालेली, साबुदाण्याचा गोळा झालेला, अन् तरी एवढी गोड लागली की विचारू नका. पहिल्या डावाच्या लीडवर आपण रणजी जिंकलो, तिसऱ्यांदा.

हे सगळं बाबांना सांगितलं की ते एकच म्हणतात, "हे काही स्टेडियम नाही." त्यांच्या हिशोबाने स्टेडियम म्हणजे सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनचं जुनं मैदान. शहराच्या मधोमध, गेटच्या बाहेर पाय टाकला की सदर, थोडं चाललं की सीताबर्डी. 31 ऑक्टोबर 1987 ला ते अन् त्यांचे दोन मित्र पहाटेच्या गाडीने गेले होते, वर्ल्डकपची न्यूझीलंडची मॅच. गावस्करने वनडेमधलं आयुष्यातलं एकच शतक मारलं ते त्या दिवशी, 88 बॉलमध्ये 103, नॉट आऊट. अन् त्याच मॅचमध्ये चेतन शर्माची हॅटट्रिक. वर्ल्डकपमधली पहिलीच, तिन्ही बोल्ड. बाबा तिथे होते. पण हॅटट्रिक त्यांनी पाहिली नाही. ते आलूबोंड्याच्या लायनीत होते. पहिल्या आवाजाला वाटलं फोर गेला, दुसऱ्याला वाटलं कॅच सुटला, तिसऱ्याला लायनीतले सगळे पळाले अन् बाबांचा नंबर लागला. तीन आलूबोंडे कागदात घेऊन ते जागेवर आले तेव्हा मित्र एकमेकांच्या गळ्यात पडलेले.

मागच्या हिवाळ्यात जमिनीच्या एका कामासाठी त्यांना हायकोर्टात वकिलाकडे न्यायचं होतं, तेही सिव्हिल लाइन्सलाच. काम लवकर आटोपलं म्हणून मुद्दाम जुन्या व्हीसीएकडून गाडी घेतली. बिल गेट्ससोबतच्या व्हिडिओमुळे गाजलेल्या डॉलीची टपरी तिकडेच आहे, चहापेक्षा मोबाईल जास्त दिसत होते. बाबांना बिल गेट्स कोण ते काही सांगत बसलो नाही. थोडं पुढे एक पोहेवाला दिसला, पोह्यावर तर्री, बाजूला लिंबाची फोड, पाच-सात जण उभे. मी म्हटलं चला बाबा, उतरा, घेऊन येऊ.

त्यांनी स्टेडियमच्या भिंतीकडे पाहिलं. आत काहीच चालू नव्हतं, कोणीतरी रोलर फिरवत असन तेवढाच आवाज.

"तूच जाय," म्हणाले, "मी लायनीत गेलो का इकडे विकेटा पडतात."