पैकीच्या पैकी

दादाला पहिली फिट आली ती शिरोलीतल्या फौंड्रीत, सेकंड शिफ्टला. पोरांनी नाकाला पायताण लावलं, कांदा फोडून धरला. कुशीवर वळवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

साध्या सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचा ठिपका दिसला. पहिल्या ठिकाणी म्हणाले, जंताची गाठ असणार, गोळ्या घ्या. आपल्याकडं फिटचं ते नेहमीचंच कारण, आम्हीही माना डोलावल्या. महिन्याभरात परत फिट आली, तशी वहिनी हट्टालाच पेटल्या, एमआरआय झालाच पाहिजे.

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. मेंदूच्या डाव्या बाजूला काळ्या गांडुळांचा पुंजका. ते काळं म्हणजे रक्तच, इतक्या जोरात वाहणारं की एमआरआयला पकडता येत नाही. धमनीतलं रक्त बारीक केशवाहिन्यांतनं जाताना त्याचा दाब उतरतो, मग ते शिरेत जातं. इथं मधल्या केशवाहिन्याच नाहीत. आम्ही ऊसवाले, लगेच कळलं. मोटरचं पाणी थेट सरीत सोडलं की बांध फुटतो. याला एव्हीएम म्हणतात आणि ते बहुतेक जन्मापासूनचं असतं.

पुण्यात जांघेतनं नळी घालून अँजिओग्राफी केली. गुंता 6 सेंमीच्या वर. 1986 पासून वापरात असलेली स्पेट्झलर-मार्टिन प्रतवारी लावली, म्हणजे ऑपरेशन किती जोखमीचं त्याचे पाचपैकी मार्क. आकाराचे 3, बोलण्याच्या भागाला लागून म्हणून 1, रक्ताचा निचरा खोल शिरांत म्हणून 1. "शाळेत कधी पैकीच्या पैकी पडले नाहीत बघ," दादा म्हणाला.

आम्ही शेत गहाण टाकायच्या तयारीत, आणि डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको. एव्हीएम फुटायचा धोका साधारण वर्षाला 2 ते 4 टक्के. एवढा मोठा काढायला गेलं तर वाचा जायची भीती त्याहून जास्त. गामा नाइफ, म्हणजे बाहेरनं किरणांचा मारा, 3 सेंमीच्या आतल्या गुंत्याला चांगलं लागू पडतं, तेही गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं घेतं. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पैसं नाहीत असं वाटलं असंल त्यास्नी." खरं सांगतो, मलाही घटकाभर तसंच वाटलं.

पण गुंत्यातल्या एका रक्तवाहिनीला फुगा आलेला होता. तेवढाच ऑनिक्स, म्हणजे नळीतनं सोडायचं आणि आत घट्ट होणारं औषध, भरून बंद केला. सगळंच एका दमात का नाही, विचारलं. इतकी वर्षं कमी रक्तावर भागवलेल्या शेजारच्या मेंदूत एकदम लोंढा घुसला तर सूज येते, रक्तस्रावही होतो, म्हणाले.

त्या रात्री दादाच्या तोंडाला लसणाचा भपकारा. मी वहिनींवरच डाफरलो, "आयसीयूत रस्सा पाजला काय?" सिस्टर हसायला लागल्या. ऑनिक्स ज्या द्रावणात असतं त्याचा तो वास, एक-दोन दिवस राहतो.

आता सकाळ-संध्याकाळ फिटची गोळी. फर्नेसवरनं स्टोअरला बदली मिळाली. मोटरसायकल बंद, दादाची कुरकुर असते ती तेवढ्यावरनंच. किल्ली वहिनींच्या कमरेला आहे.