आटलेली गाय

आज दुपारी जिन्याखाली कुत्र्याचं पिल्लू झोपलेलं दिसलं आणि मी आधी त्याचे पंजे बघितले. खोडच आहे ती माझी. बाकीचे पिल्लाचे डोळे बघून विरघळतात, मी पंजे बघतो. याचे म्हणजे थोरल्या भावाचे बूट घातल्यासारखे, जागं होऊन दोन पावलं चाललं आणि स्वतःच्याच पायात अडखळलं. म्हणजे हे धिप्पाड होणार. (मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी जाहीर केलं.)

लहानपणी एकदा वहीत गाय-वासरू काढलेलं. गाय झकास जमली, मग वासरू म्हणजे तीच गाय, पट्टीने मोजून निम्मी केलेली. फार अक्कल लढवली असं वाटत होतं. बाबांनी वही घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "वासरू कुठाय यात? ही तर धुऊन आटलेली गाय आहे." मला रडूच फुटलं. मग त्यांनी खऱ्या वासरासमोर नेऊन उभं केलं, पाय बघ म्हणाले. आणि खरंच की, पाय नुसत्या उंच काठ्या, गुडघे गाठी मारल्यासारखे, अंग चपटं, तोंड आखूड, कपाळ हे एवढं. गाय व्हायची म्हणजे या पायांना आता जरा दमानं घ्यावं लागणार आणि पोटाला, तोंडाला पुढे पळावं लागणार.

आपलंही तेच, जन्मतो तेव्हा डोकं उंचीचा चौथा हिस्सा, मोठेपणी आठवा. डोकं थांबतं थोडीच, पण पाय त्याच्या पुढे निघून जातात.

जिराफाचं तर मला अजून पटत नाही. मानेत मणके किती, तर 7. माझ्या मानेत 7, उंदराच्याही 7! जिराफाने जास्तीचं सामान आणलंच नाही, आहे तेच वाढवत वाढवत एकेक मणका वीतभर केला. वटवाघळानेही पंखासाठी नवीन काही काढलं नाही, बोटंच आईच्या पोटात असताना लांबत जातात आणि मधे कातडी ताणलेली. साप मात्र दुसऱ्या वाटेने गेला, त्याने मणक्यांची संख्याच वाढवली, 200-300 सहज.

कार्ल फॉन बेअर म्हणून एक शास्त्रज्ञ होता, त्याने 1828 साली लिहून ठेवलंय की स्पिरिटमधे ठेवलेल्या दोन गर्भांवर नावाची चिठ्ठी लावायची राहिली आणि आता ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे त्यालाच सांगता येईना. सुरुवातीला सगळे इतके सारखे. मला तर त्याचं विसरणंच जास्त आवडतं, एवढा मोठा माणूस, तोही आपल्यातलाच निघाला.

तर पिल्लावरून घरी येऊन पेन्सिल शोधली. बाबा खुर्चीत पेंगत होते, म्हटलं काढू या. चेहरा ठीक आला पण कान फारच मोठे झाले, रबर घेतलं, म्हटलं पुन्हा आपली प्रमाणं चुकली. खोडायच्या आधी एकदा वर बघितलं.

कान बरोबर होते. म्हातारपणी उंची थोडी उतरते आणि कान लांबत राहतात, हे वाचलेलं होतं मी कुठेतरी. खुर्ची मात्र तीच, आणि बाबांच्या मागे तिची पाठ पूर्वीपेक्षा बरीच जास्त दिसत होती.